धुवायला टाकलेली गाडी

ग्वेनबाई प्रॉसरांकडे चहाला जायचं तर बूट दाराबाहेर काढायचे आणि जोडीने नीट ठेवायचे. कुणी तसेच भिरकावले तर चहा मिळतो, पण बिस्किटं मिळत नाहीत. आमच्या डेनिसन्स फ्लॅटमध्ये हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. त्यांच्या लोकर कातरायच्या शेडमध्ये जमिनीवर बसून जेवता येईल असं टायनी मॅकेन म्हणतो, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. कुंपणाच्या तारा ताठ, टपालपेटीला दर नाताळाआधी नवा रंग, कुत्र्याचं वाडगंसुद्धा घासूनपुसून लख्ख.

अशा बाईच्या पदरात देवाने क्लॅरी टाकला.

क्लॅरी माणूस सोन्यासारखा, पण हातची वस्तू सोडेल तर शपथ. तुटकं फाटक, फुटकी पाण्याची टाकी, बिनदाराचा फ्रीज, सगळं ‘कधीतरी लागेल’ म्हणून गोठ्यामागे रचून ठेवलेलं. ग्वेनबाईंनी ते सगळं पोटात घातलं. त्यांच्या घशाखाली उतरली नाही ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे गाडी.

हिरवी होल्डन. ह्याच गाडीत बसून क्लॅरी त्यांना शेजारच्या ओमिओ गावच्या नाचाला घेऊन गेला होता, आणि परत येताना ह्याच गाडीत त्याने अडखळत, घाम पुसत लग्नाचं विचारलं होतं. पुढे गाडी थकली, तेव्हा ग्वेनबाईंचा बेत असा की तिला शेडमध्ये ठेवायची, वर चादर घालायची, कधीमधी पुसायची. त्याच वर्षी पॅनिकन ओढ्याला मोठा पूर आला. कुरणाच्या टोकाला ओढा अरुंद होतो, तिथे एक जुनाट गम झाड, म्हणजे निलगिरी, कैक वर्षं आडवं पडलेलं होतं. पुराने ते उचलून नेलं आणि काठ ढासळायला लागला. ग्वेनबाई बहिणीकडे बेअर्न्सडेलला गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तर त्यांची होल्डन ओढ्यात आडवी. इंजिन काढलेलं, चारही बाजूंनी साखळदंड, मागे फुटकी टाकी, फ्रीज आणि जुन्या गोठ्याच्या काँक्रीटची ढेकळं. काठ वाचला होता. क्लॅरी चिखलात उभा राहून मोठ्या कौतुकाने त्याकडे बघत होता.

बरेच दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

गावाला मात्र आयता विषय मिळाला. पबमध्ये कुणीतरी विचारायचं, “काय क्लॅरी, गाडी दिसत नाही हल्ली?” आणि क्लॅरी ग्लासातून मान वर न करता म्हणायचा, “धुवायला टाकलीय.” वर्षं लोटली, तेच विचारणं आणि तेच उत्तर. कधी भर पडायची, “अजून निघाली नाही रे, डाग चिवट आहेत.” सगळं गाव हे वाक्य म्हणायचं. ग्वेनबाईंनी ते तोंडातून एकदाही काढलं नाही. क्लॅरी गेला त्या दिवशी, दफनानंतरच्या चहाला, टायनीने डोळे पुसत तो प्रश्न हवेत सोडला आणि अख्खा हॉल एका सुरात उत्तरला. ग्वेनबाईही हसल्या. मग आत जाऊन त्यांनी चहाचं आधीच स्वच्छ असलेलं मोठं भांडं पुन्हा घासलं.

त्यानंतर काही वर्षांनी टॅमसिन आली.

टॅमसिन सरकारी खात्यातली माशांची अभ्यासक. मासे मोजणारी माणसं आमच्याकडे अधूनमधून येतात आणि पहिल्याच थंडीत परत जातात. ही टिकली. जंगलातल्या रस्त्याने वरून ओढ्यात उतरायची, पाठीवर विजेचं यंत्र बांधून पाण्यात चालायची, क्षणभर गुंगी आलेले मासे बादलीत घेऊन मापायची आणि सोडून द्यायची. ती ज्याच्या मागे होती तो आमचा निसटू. बोटाएवढा, अंगावर खवलं नाही, पाठ शेवाळी, कल्ल्यामागे काळा पट्टा. हातात धरला की गेलाच, म्हणून निसटू. तो कुणी मोठी असामी असेल असं आमच्या स्वप्नातही नव्हतं. असले मासे इथल्या प्रत्येक ओढ्यात असतात, असंच सगळे समजत होतो.

ईस्टरच्या थोडं आधी टॅमसिनने हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि पडद्यावर निसटूचा भलामोठा फोटो लावला. तिने सांगितलं की आजवर शास्त्रज्ञही तसंच समजत होते. पण पंखांतले काटे मोजले, पट्टे जुळवले, रक्ताची नाती तपासली, तेव्हा कळलं की पॅनिकन ओढ्यातला निसटू ही वेगळीच जात आहे. ती जगात दुसरीकडे कुठेही नाही.

मग मागून टायनीचा आवाज आला. टायनी म्हणजे चिमुकला. दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला हे नाव आमच्याकडेच पडू शकतं.

“म्हणजे, आपल्याकडे असं काहीतरी आहे जे ओमिओवाल्यांकडे नाही?”

“ओमिओकडे नाही आणि लंडनकडेही नाही,” टॅमसिन म्हणाली.

लंडनचं कुणाला काही पडलं नव्हतं. ओमिओकडे नाही म्हटल्यावर टाळ्या थांबेनात.

मग तिने धोका सांगितला, आणि टायनी आपल्या बुटांकडे बघायला लागला, कारण तो ट्राउट मासेमारी क्लबचा अध्यक्ष. ट्राउट इथला नव्हे. जुन्या काळी विलायतेहून हौसेने आणून प्रत्येक पाण्यात सोडलेला. तो निसटूला गिळतो, एकूण एक गिळतो. पॅनिकनच्या खालच्या अंगाला ट्राउट आहे, वर एकही नाही. टॅमसिनचा तर्क असा की खाली खिंडीत कुठेतरी धबधबा असणार आणि तोच ट्राउटला अडवत असणार. खालची जमीन खाजगी, म्हणून ती बाजू तिने अजून पाहिली नव्हती. शेवटी ती म्हणाली, “वरचा ओढा स्वच्छ आहे. तो स्वच्छ राहू द्या, एवढंच मागणं आहे.”

आता माशांच्या अभ्यासात ‘स्वच्छ पाणी’ म्हणजे ज्यात ट्राउट नाही ते पाणी. डेनिसन्स फ्लॅटमध्ये स्वच्छ म्हणजे स्वच्छ. पहिल्या रांगेत बसलेल्या ग्वेनबाईंचे कान लाल झाले. वरचा ओढा स्वच्छ, मग खालचा काय? खालचा त्यांच्या कुरणातून जात होता. जगभरातून लोक तो मासा बघायला येणार आणि त्यांना आधी काय दिसणार, तर क्लॅरीची गाडी.

आमच्या गावात तिघांना एखादी गोष्ट करावीशी वाटली की चहा निवायच्या आत श्रमदानाचा दिवस ठरतो आणि चौथा सॉसेजची जबाबदारी घेतो. टॅमसिन मेलबर्नला गेली होती. तिला चकित करायचं ठरलं. ईस्टरनंतरच्या शनिवारी अर्धं गाव ग्वेनबाईंच्या कुरणात जमलं. बाईंनी परातभर लॅमिंग्टन केले होते, चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले केकचे तुकडे. आधी फ्रीज निघाला, मग टाकी, मग काँक्रीट. शेवटी टायनीने गाडीला साखळी बांधली आणि ट्रॅक्टरला जोर दिला. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली, चिखलाने एक लांब सुस्कारा सोडला आणि होल्डन काठावर आली. खिडक्यांतून गाळ आणि झिंगे बाहेर पडले.

“निघाली रे, धुऊन निघाली,” कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

ग्वेनबाई गाडीपाशी गेल्या. सगळीकडे गंज, पण आरशाखाली तळव्याएवढा हिरवा रंग शिल्लक होता. त्यांनी त्यावर हात ठेवला. त्यांना बरं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं. त्यांनी ते दमणुकीवर ढकललं. रविवारी टॅमसिनला फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘खालचाही ओढा स्वच्छ केला.’ सोमवारी बेअर्न्सडेलचा भंगारवाला स्टाव्ह ट्रक घेऊन आला आणि गाडी घेऊन गेला.

टॅमसिनकडून उत्तर आलं नाही. ती स्वतःच आली. बूट दारात कसेबसे उडवून आत शिरली. ग्वेनबाईंनी बूट पाहिले, मग तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने बिस्किटांचा डबा पुढे केला. ती म्हणाली, आधी ओढा दाखवा.

काठावर दोघी उभ्या राहिल्या. पाणी गोट्यांवरून सरळ, खेळत, कुठेही न अडखळता चाललं होतं. ग्वेनबाईंना ते फार सुंदर वाटलं. टॅमसिन गवतावर बसली.

“ग्वेन, इथे काय होतं?”

“कचरा. माझ्या नवऱ्याचा.”

“किती उंच?”

ग्वेनबाईंनी छातीपाशी हात धरला.

“आणि पाणी कुठून पडायचं?”

“टपावरून. पातळसं, चादरीसारखं. का गं?”

“मी कालच सगळी खिंड चढून आले. तिथे धबधबा नाही. कुठेच नाही.” तिने ओढ्याकडे बोट दाखवलं. “धबधबा हा होता.”

ग्वेनबाईंना आठवत होतं ते असं. दर शरदात, ईस्टर उलटून पहिला मोठा पाऊस झाला की क्लॅरी हातात कप घेऊन ह्याच काठावर येऊन बसायचा. ट्राउट अंडी घालायला ओढ्याने वर निघालेले असायचे. गाडीपाशी येऊन उड्या मारायचे, डिकीवर नाक आपटायचे आणि धपकन मागे पडायचे. क्लॅरी प्रत्येकाला टाळ्या द्यायचा. आणि ग्वेनबाई व्हरांड्यातून हाका मारायच्या की कुंपण कोण बघणार, तुझा बाप?

ग्वेनबाईंकडून पुराची हकिकत ऐकून टॅमसिनने समजावून सांगितलं, रागावली नाही. आधी ते पडलेलं गम झाड ट्राउटला अडवत असणार. झाड वाहून गेलं त्याच वर्षी गाडी पडली, म्हणून वरचे निसटू वाचले. पाऊस तोंडावर आला आहे. ह्या वर्षी ट्राउट वर गेले आणि तिथे त्यांची पिलावळ झाली, की दोन-तीन वर्षांत निसटू संपला. इथे संपला म्हणजे सगळीकडेच संपला.

“चूक माझीच आहे,” ती म्हणाली. “स्वच्छ म्हणजे काय ते मी सांगायला हवं होतं. आणि ही बाजू आधी चालून बघायला हवी होती.”

“तू तुझी चूक तुझ्यापाशी ठेव पोरी, मला माझी पुरे आहे,” ग्वेनबाई म्हणाल्या. “जन्मभर मी त्या माणसाला गबाळा म्हटलं.” क्लॅरी गेल्यावरही त्या चारचौघांत रडल्या नव्हत्या. ह्या वेळी ओढ्याकाठी, जेमतेम ओळखीच्या मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून भरपूर रडल्या. मग रुमालाची घडी घालून तो बाहीत खोचला आणि घरात जाऊन टायनीला फोन लावला.

“टायनी, साखळी घेऊन ये.”

“आता काय काढायचं राहिलंय?”

“काढायचं नाही. घालायचंय.”

खरी गंमत पुढेच. गाडी ओढ्यातून काढताना कुणाची परवानगी लागली नव्हती. घालायची म्हटल्यावर टॅमसिनचे वरिष्ठ फोनवर दचकले. वाहत्या पाण्यात मोटार टाकणं हा गुन्हा आहे, खात्यानेच टाकली तर पेपरात काय छापून येईल, वगैरे. ग्वेनबाईंनी फोन हातात घेतला आणि शांतपणे विचारलं की साहेब, एखादा बांध दुरुस्तीसाठी उघडला तर तो परत बसवायला बंदी आहे का? मग साहेब म्हणाले की दुरुस्ती असेल तर, तात्पुरती असेल तर, पक्का बांध होईपर्यंत, आणि टॅमसिन जातीने हजर असेल तर. तेवढं पुरे होतं.

बेअर्न्सडेलला स्टाव्हच्या आवारात होल्डन चेपायच्या यंत्राच्या रांगेत उभी होती. टपाला यंत्राच्या पंजाने आधीच एक पोचा आणला होता. स्टाव्हने डोक्यावरची टोपी मागे सारली.

“बाई, इतकी वर्षं धंद्यात आहे. लोक कचरा टाकायला येतात. परत न्यायला आलेल्या तुम्ही पहिल्या. आहे तरी काय एवढं त्या गाडीत?”

“माझ्या नवऱ्याची अक्कल,” ग्वेनबाई म्हणाल्या. “मला उशिरा दिसली.”

स्टाव्हने गाडी स्वतःच्या ट्रकवर चढवली, स्वतः आणून पोचवली, आणि मोबदला म्हणून उरलेल्या लॅमिंग्टनचा डबा मांडीवर घेऊन परत गेला.

डोंगरावर ढग जमायला लागले होते. श्रमदानाचीच सगळी मंडळी परत आली, ह्या वेळी जरा मान खाली घालून. पहिल्यांदा गाडी ठेवली तर पाणी खालूनच निघून जायला लागलं. टायनी म्हणाला थोडी उजवीकडे घेऊ, टॅमसिन म्हणाली थोडी वर. ग्वेनबाई गमबूट घालून पाण्यात उतरल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही गाडी त्यांना रोज दिसायची आणि रोज त्यांचा जळफळाट व्हायचा. ज्याच्यावर इतका राग धरला त्याची उभं राहण्याची ढब माणूस विसरत नाही.

“नाक पंपाच्या खोलीकडे होतं,” त्या म्हणाल्या. “अजून. अजून थोडं. मागचं चाक त्या काळ्या खडकाला टेकलेलं. हां. आता सोड.”

टॅमसिन कमरेएवढ्या थंडगार पाण्यात उभी राहून भेगांमध्ये जाळी आणि दगड ठासत होती. टायनीने काँक्रीटची ढेकळं एकेक करून परत लोटली, टाकी बसवली, फ्रीजही बसवला. मग सगळे काठावर येऊन बसले. पाणी गाडीमागे साठत गेलं, खिडकीपर्यंत आलं, टपाच्या कडेशी थबकलं आणि मग पोच्यातून वाट काढत, पातळ चादर होऊन पुढे पडायला लागलं. टॅमसिनचे दात वाजत होते आणि ती हसत होती. ग्वेनबाईंनी स्वतःचा कोट तिच्या अंगावर घातला, चिखलासकट.

एक काम राहिलं होतं. मधल्या दिवसांत काही ट्राउट वर निसटलेच होते. गाडीच्या वरच्या डोहात ते टॅमसिनच्या यंत्राला सापडले आणि काही हातचे सुटले. आमच्या क्लबचे सभासद एरवी ट्राउट पकडतात, मापतात, फोटो काढतात आणि पाठ थोपटून सोडून देतात. सोडणाऱ्याला मान, खाणाऱ्याकडे जरा तिरक्या नजरेने बघतात. त्यांना आता सांगायचं होतं की जेवढे दिसतील तेवढे धरा आणि एकही सोडू नका. टायनी हॉलमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, “अध्यक्ष म्हणून माझा ह्याला सक्त विरोध आहे. आचारी म्हणून पाठिंबा आहे. आचारी वजनाने जास्त आहे.” आठवडाभर क्लबची माणसं डोहांवर बसून होती आणि टॅमसिन त्यांच्या मागून पुन्हा पुन्हा पाणी तपासत होती. शनिवारी हॉलमध्ये लोण्यात तळलेले ट्राउट आणि लिंबू. टॅमसिनने सांगितलं की वरचं पाणी स्वच्छ आहे, आणि लगेच पुढे म्हणाली, “म्हणजे ट्राउट नाहीत. कृपा करून आता काहीही उचलू नका.”

मग पाऊस आला, चांगला झोडपून आला. ग्वेनबाईंनी कुंपण बघायचं सोडून कपाटातून क्लॅरीचा कप काढला आणि काठावर जाऊन बसल्या. ट्राउट आले. उडी, डिकीवर नाक, धपकन मागे. दिवसभर तेच. एकही वर गेला नाही. मध्येच ग्वेनबाईंच्या लक्षात आलं की आपण टाळ्या वाजवतो आहोत.

पुढच्या उन्हाळ्यात टॅमसिनच्या बादलीत सुईएवढे निसटू दिसले, ढीगभर. त्या जातीचं शास्त्रीय नाव तिने इथल्या मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवलं आहे. आम्हाला ते अजून नीट उच्चारता येत नाही, सराव चालू आहे. पक्का दगडी बांधही मंजूर झाला. तो गाडीच्या खालच्या अंगाला व्हायचा आहे, गाडी न हलवता, कारण त्या अटीवरच ग्वेनबाईंनी जमीन दिली.

बांधाची मापं घ्यायला शहरातून एक तरुण इंजिनियर आला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, दारात काढले तेही अगदी जोडीने. ग्वेनबाईंना तो एकदम पसंत पडला. त्या त्याला काठावर घेऊन गेल्या. टायनी फितीचं दुसरं टोक धरून उभा होता. त्या मुलाने ओढा पाहिला, काठ पाहिला, आणि मग पाण्यातून वर आलेला तो गंजका टप, ती टाकी, तो फ्रीज पाहिला. इतक्या नीटनेटक्या बाईच्या कुरणात हे काय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

“ही गाडी इथे कशी काय?” त्याने विचारलं.

टायनीने फीत खाली ठेवली. ग्वेनबाईंनी गाडीकडे पाहिलं. आरशाखालचा हिरवा तुकडा पाण्याने नुकता धुतला गेला होता आणि उन्हात चमकत होता.

“माझ्या नवऱ्याची आहे,” त्या म्हणाल्या. “धुवायला टाकलीय.”